आकड्याखाली अक्षर: खरेदी पावतीच्या कामाच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

दिवाळी सरली आणि केंद्रावर सोयाबीनचे कट्टे येऊ लागले. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी कंपनीकडे यंदा हमीभावाचं खरेदी केंद्र आहे. भाव क्विंटलला ४,८९२ रुपये. पावतीचा नवा नमुना करायचं काम माझ्याकडे आलं आहे.

आधीच्या पावतीवर वजन, दर आणि शेवटी चौकटीत रक्कम एवढंच यायचं. रक्कम सलग अंकांत, मध्ये एकही स्वल्पविराम नाही. १८ क्विंटल ३७ किलोची रक्कम ८९८६६.०४ अशी छापली की बरेच शेतकरी पावती घडी घालून खिशात ठेवतात आणि बाहेर येऊन कुणाला तरी विचारतात, 'किती झाले हो?' स्वतःच्या सहा महिन्यांच्या कष्टाचा आकडा दुसऱ्याकडून ऐकावा लागतो, हे मला पटत नाही. नव्या पावतीवर आकड्याखाली अक्षरी रक्कम मराठीत हवी, आणि ती प्रत्येक वेळी बिनचूक हवी. हाताने लिहायला केंद्रावर कुणाला फुरसत नसते, म्हणून ती प्रोग्रामनेच लिहायची.

सचिवकाका म्हणाले, "ताई, आकडा कोन बी लिवतंय. अक्षरात आला म्हंजे पक्का." कामाची दिशा तीच.

७ नोव्हेंबर

पहिलं काम शून्य ते नव्व्याण्णवच्या शब्दांचं. नियम लावून हे शब्द तयार होत नाहीत. एकवीस, एकतीस, एक्केचाळीस, एक्कावन्न, एकसष्ट, एक्काहत्तर, एक्याऐंशी, एक्याण्णव: प्रत्येक ठिकाणी 'एक'चं रूप निराळं. म्हणून शंभर शब्दांचा तक्ता सरळ लिहून काढला. तो डोळ्यांखालून घालायला गावातल्या निवृत्त गुरुजींना दिला. ब्याऐंशी, त्र्याऐंशी, चौऱ्याऐंशी या ओळीवर ते बराच वेळ थांबले. बोलताना आपण 'ब्यांशी', 'त्र्यांशी' म्हणतो, पण कागदावर पुस्तकातलं रूप असावं, असं त्यांचं मत पडलं. मलाही तेच योग्य वाटलं.

तक्ता मोठ्याने वाचताना एक धोका नीट कळला. एकोणसाठ म्हणजे ५९ आणि एकसष्ट म्हणजे ६१. एकोणसत्तर ६९, एक्काहत्तर ७१. एकोणऐंशी ७९, एक्याऐंशी ८१. काट्याच्या गलक्यात या जोड्या कानाला सारख्याच लागतात, आणि शब्द हजाराच्या जागी असला तर फरक दोन हजारांचा पडतो. म्हणून पावतीवर दोन्ही हवेत, आकडाही आणि अक्षरही. एकाने दुसऱ्याची साक्ष द्यायची.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचायला दिलं, तेव्हा राज्यभर वाद झाला होता. लहान मुलाला ५७ ऐकून ७५ लिहावंसं वाटतं ती अडचण खरी आहे, आणि त्या मुलासाठी तो पर्याय मला आजही बरा वाटतो. पावतीवर मात्र चालीचेच शब्द राहतील. पावती वाचणारा माणूस तेच शब्द बोलत मोठा झालाय.

१२ नोव्हेंबर

संख्या फोडायची रीत ठरली. उजवीकडून पहिले तीन अंक शेकड्यापर्यंतचे, मग दोन हजाराचे, दोन लाखाचे, आणि त्याच्या डावीकडे उरेल ते सगळं कोटीचं. स्वल्पविरामही याच जागी, म्हणजे १२,३४,५६७. ज्या कप्प्यात शून्य असेल त्याचं नावच घ्यायचं नाही: १,००,०५,०२० म्हणजे 'एक कोटी पाच हजार वीस'.

शंभराचा एक अपवाद वेगळा लिहावा लागला. नुसते १०० असतील तर 'शंभर', १०१ झाले की 'एकशे एक'. २०० ला 'दोनशे' होतं, पण १०० ला 'एकशे' कुणी म्हणत नाही. म्हणून १,१०० ला 'एक हजार शंभर' आणि १,१५० ला 'एक हजार एकशे पन्नास'.

कोटीच्या वर काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. शाळेत अब्ज, खर्व, निखर्व शिकवतात. पण भास्कराचार्यांच्या 'लीलावती' या गणिताच्या ग्रंथातल्या क्रमाने खर्व म्हणजे एकावर दहा शून्यं, आणि हिंदी-उर्दूत खरब म्हणजे एकावर अकरा. आमच्या भागात दोन्ही भाषा कानावर असतात, त्यामुळे एकाच नावाने दहापट फरक पडू शकतो. वर्तमानपत्रं आणि अर्थसंकल्प कोटीतच बोलतात: 'बारा हजार तीनशे पंचेचाळीस कोटी'. आपणही कोटीवर थांबायचं आणि कोटीची संख्या हीच पुन्हा हजार-लाखात वाचायची.

एक्सेलमध्ये स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी आणायचे तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये अंकांचे गट भारतीय पद्धतीचे करणं. दुसरी, त्या रकान्याला तीन कप्प्यांचा नमुना देणं: कोटी व त्यावर, लाख व त्यावर, आणि बाकीचं. दुसऱ्या वाटेत वजा रक्कम तिसऱ्या कप्प्यात पडते आणि तिचे स्वल्पविराम पुन्हा इंग्रजी पद्धतीने तीन-तीन अंकांवर येतात. कपातीच्या रकान्यात वजा रकमा असतातच, तेव्हा सेटिंगचीच वाट धरली.

१८ नोव्हेंबर

केंद्र सरकारने ओलाव्याची अट १२ टक्क्यांवरून १५ पर्यंत सैल केली आहे. रांग एकदम वाढली. काम रात्री.

आज पैशांचा भाग. रकमा रुपयांत अपूर्णांक म्हणून साठवायच्या नाहीत, सगळं पैशांत पूर्णांक म्हणून साठवायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. संगणक दशांश अपूर्णांक आत द्विमान पद्धतीने ठेवतो आणि ४.३५ सारखी साधी रक्कमही त्याला तंतोतंत ठेवता येत नाही. ४.३५ ला १०० ने गुणलं तर ४३५ च्या किंचित खालचं उत्तर येतं. पुढचा भाग कापून टाकला की ४३४ पैसे. एका पावतीवर एक पैसा जातो. हजारो पावत्यांची बेरीज बँकेच्या यादीशी जुळेनाशी होते, आणि मग त्या एका पैशासाठी सगळी यादी पुन्हा तपासावी लागते.

८९,८६६.०४ या रकमेत आणखी एक खाच आहे. दशांशानंतरचं '०४' आणि '४' एकच धरलं तर चार पैशांचे चाळीस पैसे होतात. म्हणून पैसे नेहमी दोन अंकी. अक्षरी रक्कम अशी छापून आली:

अक्षरी रुपये एकोणनव्वद हजार आठशे सहासष्ट आणि चार पैसे फक्त

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. चार पैसे आज रोखीत कुणाला देता येत नाहीत, पण हमीभावाचे पैसे थेट खात्यात जमा होतात, तिथे ते पोचतात. एका संचालकांचं म्हणणं, पावतीवर रुपयांतच पूर्ण करा. मी नाही म्हटलं. खात्यात जे जमा होणार तेच पावतीवर हवं. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की माणसाचा विश्वास उडतो, मग फरक चार पैशांचा का असेना.

२६ नोव्हेंबर

उलट दिशेचं काम: माणूस बोलतो त्यावरून आकडा. कंपनी खासगी व्यापाऱ्यांनाही माल देते आणि ते भाव फोनवर सांगतात. मापाडीकाका ते वहीत टिपतात. ती वही घेऊन बसले तर बाजाराची सगळी बोलीच समोर आली.

बाजारात 'चार हजार दोनशे' क्वचितच ऐकू येतं. 'बेचाळीसशे' म्हणतात. 'एक्केचाळीसशे पंच्याहत्तर' म्हणजे ४,१७५. म्हणजे 'शे'च्या आधी नऊच काय, नव्व्याण्णवपर्यंत काहीही येऊ शकतं, हा पहिला नियम. दुसरा नियम पाव-अर्ध्याचा. 'साडे' तीनपासून पुढे लागतो, कारण त्याआधी दीड आणि अडीच आहेत. 'पावणे' पुढच्या संख्येतून पाव काढतो. 'सव्वा' एकटा आला तर सव्वा एक, आणि पुढे संख्या आली तर तीत पाव मिळवायचा. आणि ही पाव कुणाची, ते मागून येणारं माप ठरवतं:

सव्वाशे १२५, सव्वा तीनशे ३२५, सव्वा लाख १,२५,०००.
पाऊणशे ७५, पावणेदोनशे १७५, पावणेदोन लाख १,७५,०००.
दीडशे १५०, अडीच हजार २,५००, साडेसात कोटी ७,५०,००,०००.

ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केली आहे त्यांना यात विचारच करावा लागत नाही. मापाडीकाका औटकीसुद्धा म्हणून दाखवतात, म्हणजे साडेतीनचा पाढा. १८ क्विंटलला औट हजारांनी किती, असं विचारलं तर ते माझा हात कॅल्क्युलेटरकडे जायच्या आत 'त्रेसष्ट हजार' म्हणून मोकळे होतात. ही विद्या जिवंत आहे तोवर लिहून ठेवली पाहिजे. त्यांच्या तोंडून सगळे पाढे ध्वनिमुद्रित करून घेतले.

अवघड जागा दोन. एक, माप गाळून बोलण्याची सवय. 'सोयाबीन साडेचार गेलं' यात साडेचार हजार, हे केंद्रावर सगळ्यांना कळतं. तेच 'साडेचार' जमिनीच्या बोलण्यात आलं तर लाख. प्रोग्रामने इथे अंदाज बांधायचा नाही, विचारायचं: 'साडेचार हजार का?' दोन, जोडीने येणाऱ्या संख्या. 'दोन-अडीचशे', 'दहा-वीस हजार', 'पाच-पंचवीस पोती' हा अंदाज असतो. त्याचा आकडा करायचाच नाही. अशा नोंदीपुढे 'नक्की रक्कम विचारा' एवढंच यावं, असं केलं.

५ डिसेंबर

वाहतूकदारांचे धनादेश अजून हाताने लिहिले जातात. तेही प्रोग्राममधून छापायचे ठरलं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अंकांतली आणि अक्षरांतली रक्कम वेगळी असेल तर अक्षरांतली धरायची. कायद्यानेच अक्षराला वरचं स्थान दिलंय, आणि त्याचं कारणही उघड आहे. अंकाच्या मागे-पुढे एखादा अंक चिकटवता येतो. १ चा ७ करता येतो. 'सात हजार'चं 'सत्तर हजार' करणं त्या मानाने अवघड.

म्हणून छपाईचे नियम: 'अक्षरी रुपये' या शब्दांना लागूनच पहिला शब्द, मध्ये मोकळी जागा नाही. शेवटी 'फक्त'. अंकांच्या आधी 'रु.' अगदी चिकटून आणि शेवटी '/-'. रुपयाचं नवं चिन्ह २०१० मध्ये आलं, पण आमच्या जुन्या प्रिंटरवर त्याच्या जागी रिकामी चौकट छापते, म्हणून 'रु.' ठेवला.

धनादेश मराठीत लिहायला बँकेची हरकत नसते. काळजी आहे ती अंकांची. देवनागरी १ हा मराठी न वाचणाऱ्याला इंग्रजी ९ वाटू शकतो, आणि शाखेत बाहेरच्या राज्यातून आलेले कर्मचारीही असतात. धनादेशाच्या चौकटीत आंतरराष्ट्रीय अंक आणि अक्षरी ओळ मराठीत, अशी सांगड घातली. पावतीवर मात्र दोन्ही मराठीच.

१३ डिसेंबर

संचालक मंडळासमोर एका इंग्रजी अहवालाचा गोषवारा मांडायचा होता. त्यात 'मिलियन' आणि 'बिलियन' भरलेले. मंडळातले सगळे लाख-कोटीत विचार करतात, म्हणून पाटीवर एवढंच लिहिलं: दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची असं आपण ऐकतो, ते हे लाख कोटी, आणि तेही डॉलर.

उदाहरण जवळचं घेतलं. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे 'पोकरा' म्हणतात, त्यात मराठवाड्याचे सगळे जिल्हे आहेत. त्यासाठी जागतिक बँकेचं कर्ज ४२० मिलियन डॉलर. एक शून्य काढलं की कोटी: ४२ कोटी डॉलर. आता रुपयांत आणायचं तर आणखी सोपं. डॉलरच्या दराला दहाने भागा, एका मिलियन डॉलरचे तेवढे कोटी रुपये. दर ८० असेल तर एक मिलियन डॉलर म्हणजे ८ कोटी रुपये. हे लक्षात राहिलं की बातमीतला कुठलाही परदेशी आकडा उभ्याउभ्या तपासता येतो. प्रोग्राममध्ये दर कोणत्या तारखेचा हे लिहिल्याशिवाय रूपांतर होणार नाही अशी अट घातली. दराशिवाय आणि तारखेशिवाय डॉलरचे रुपये सांगणं म्हणजे अर्धंच सांगणं.

३१ डिसेंबर

काल येळवस, म्हणजे वेळ अमावास्या होती. कार्यालय बंद, सगळा तालुका शेतात. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. एका संचालकांच्या शेतात जेवायला गेले होते. तिथे त्यांनी आजोबांची खतावणी, म्हणजे हिशेबाची वही दाखवली. कापडात बांधलेली, पानं तपकिरी, पण शाई अजून ठसठशीत. त्यांची इच्छा आहे की यातल्या रकमा आजच्या पद्धतीने मांडून मिळाव्यात. खरेदी पावतीच्या कामाशी याचा थेट संबंध नाही, तरी मी होकार दिला. मोठ्या रकमा मराठवाड्यात कशा लिहिल्या जायच्या हे इतकं स्वच्छ पुन्हा कुठे पाहायला मिळणार?

खतावणी फसली सनाची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली सालाची आहे, १३५१ पासून पुढे. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, आणि वर्षाच्या उरलेल्या महिन्यांना ५९१. १३५७ म्हणजे १९४७-४८. निजामाच्या राज्यातलं शेवटचं वर्ष. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, पण वहीतला पैसा त्या दिवशी बदललेला नाही.

रकमांपुढे दोन शब्द आलटून पालटून येतात: 'हाली' आणि 'कलदार'. हाली म्हणजे संस्थानचा स्वतःचा रुपया, चारमिनारचं चित्र असलेला. १९१८ पासून त्याच्या नोटाही निघत. कलदार म्हणजे इंग्रजी अमलातला रुपया. त्यांचा दर सात हालीला सहा कलदार. १७५ हाली म्हणजे १५० कलदार. कलदार शंभर हवे असतील तर हाली ११६ रुपये १० आणे ८ पै (रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै). हिंगोलीचा कापूस संस्थानात विकला तर हाली मिळणार आणि माल हद्दीपलीकडे सोलापूर-मुंबईला गेला तर कलदार, म्हणून प्रत्येक ओळीत नाव लिहावंच लागे. १९५० नंतर दोन्ही चलनं काही वर्षं शेजारी शेजारी चालली आणि १९५९ मध्ये हाली पूर्ण बंद झाला.

आता लिहिण्याची रीत. आणे अंकांत लिहिलेले नाहीत. रुपयानंतर उभा दंड म्हणजे पाव रुपया, दोन दंड अर्धा, तीन दंड पाऊण. त्यापुढे आडव्या रेघा: एक रेघ एक आणा, दोन रेघा दोन, तीन रेघा तीन. पाव रुपया म्हणजे चार आणे, म्हणून या दोन खुणांत शून्य ते पंधरा आणे सगळे बसतात. '२४५॥=' म्हणजे २४५ रुपये, त्यावर आठ आणि दोन, दहा आणे. रीत काटकसरीची आहे, आणि बोलीशी जुळणारीही. सव्वा, साडे, पावणे म्हणणारा माणूस रक्कम जशी बोलतो तशीच इथे लिहितो. यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००९ पासून या खुणांना स्वतंत्र जागा आहेत, पण आमच्या संगणकांवरच्या फॉन्टमध्ये त्या दिसत नाहीत, म्हणून आमच्या नोंदीत दंड आणि बरोबरच्या चिन्हावर भागवलं.

मांडणी अशी ठरली. पहिल्या रकान्यात वहीत आहे तसं. दुसऱ्यात रुपये-आणे. तिसऱ्यात हाली असेल तर कलदार: २४५ रुपये १० आणे हालीचे २१० रुपये ८ आणे आणि जवळपास ७ पै. दशमान पैसे १ एप्रिल १९५७ ला आले. रुपयाचे सोळा आणे आणि शंभर नवे पैसे, म्हणजे आणा सव्वासहा पैशांचा. सव्वासहाचं नाणं काढता येत नाही, म्हणून तेव्हाच्या तक्त्यात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९ आणि चार आण्यांना २५ नवे पैसे धरले होते. आपण वहीच्या काळाला तो तक्ता लावायचा नाही, रुपये-आणेच ठेवायचे.

चौथा रकाना संचालकांना हवा होता: 'आजचे किती?' तो मी केला नाही, आणि त्यांना कारण सांगितलं. सातास सहा हा ठरलेला दर होता, त्याने उत्तर एकच येतं. आजची किंमत काढायची तर तेव्हा त्या पैशांत काय येत होतं ते पाहावं लागतं. त्याच वहीत ज्वारीचे भाव आहेत. म्हणून चौथ्या रकान्यात त्या सालच्या भावाने त्या रकमेची ज्वारी किती मण यायची ते लिहायचं, चाळीस शेरांचा मण धरून. त्यांना ते पटलं. त्यांच्या आईंना तर फारच आवडलं. ज्वारी किती म्हटल्यावर त्यांना ती रक्कम लगेच उमजली.

९ जानेवारी २०२५

पावती केंद्रावर सुरू झाली. आज दिवसभर खिडकीशेजारी बसून लोक ती कशी वाचतात ते पाहिलं.

अक्षरी ओळ बरेच जण बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. 'एकोणनव्वद हजार' वाचलं की मान वर होते आणि मग पुढचं वाचतात. आकड्याकडे नंतर जातात. म्हणून अक्षरी ओळीचा ठसा मोठा केला आणि आकडा तिच्याखाली घेतला. आधी उलट होतं.

एक मावशी आल्या होत्या, वाचता न येणाऱ्या. सोबतच्या नातवाने रक्कम वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, पण समाधान झालं नाही. विसांवर हिशेब करणाऱ्या पिढीतल्या त्या. शंभर म्हणजे पाच विसा, पन्नास म्हणजे दोन विसा दहा. त्यांनी विचारलं, "नोटा किती?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. पाचशेच्या शंभर नोटांचं बंडल म्हणजे पन्नास हजार, हे ज्यांनी बंडल पाहिलंय त्यांना सांगावं लागत नाही. एक कोटी म्हणजे अशी दोनशे बंडलं. पावतीच्या मागच्या बाजूला एक ओळ घातली: पाचशेच्या नोटांत किती. ८९,८६६ ला एक बंडल, वर ७९ नोटा आणि सुटे ३६६ रुपये. मावशींना तसं सांगितलं तर त्यांनी बोटांवर ताडून पाहिलं आणि "बराबर हाय" म्हणाल्या.

मोबाइलवर रक्कम वाचून दाखवणारा आवाज अंक दिले की कधी एकेक अंक सुटा वाचतो. त्याला अंक द्यायचेच नाहीत, तयार अक्षरी ओळ द्यायची. लगेच नीट वाचतो.

१६ जानेवारी

नुकसानभरपाईची चौकशी करायला लोक आमच्याकडेच येतात, म्हणून एक छोटं रूपांतर जोडलं. केंद्राच्या २०२२-२६ च्या निकषांत आपत्तीच्या मदतीचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात एकर-गुंठे. तीन मापं एकत्र आली की रक्कम बरोबर आली का हे त्याला कळायला मार्गच राहत नाही.

एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर. दोन एकराचा सातबारा ०.८१ दाखवतो. त्याला मदत ६,८८५ रुपये. एकरी साधारण ३,४४० आणि गुंठ्याला ८६ च्या आसपास. बातमीत मदतीचा आकडा शेकडो कोटींचा असतो आणि तो खराही असतो. पण गुंठ्याला ८६ रुपये हे ज्याचं पीक गेलं त्याला कळलं पाहिजे, आणि मदत ठरवणाऱ्यांनाही. पडद्यावर तिन्ही आकडे एकाखाली एक येतात, अक्षरांसह.

२४ जानेवारी

खतावणीची पहिली तीन वर्षं उतरवून झाली. उर्दूत लिहिलेल्या पानांसाठी तालुक्याच्या गावचे एक जुने कारकून बसायला तयार आहेत. मोडीतला भाग मला बऱ्यापैकी लागतो.

शब्दांचा तक्ता आणि बोलीचे नियम शेजारच्या दोन कंपन्यांनी मागितले, दिले. सोमवारी त्यातल्या एका केंद्रावर बसवायचं आहे. तिथला प्रिंटर जुना आहे, मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागेल. आधी 'अठ्ठ्याऐंशी' आणि 'चौऱ्याण्णव' हे दोन शब्द छापून बघायचे. त्यांची जोडाक्षरं नीट उमटली तर बाकीचे अठ्ठ्याण्णवही उमटतील.